पोरगी कॉम्प्युटर सोडून ग्रीक-रोमन घेतेय, काय करू?

पत्र: ताई, नमस्कार. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, मूळचे सांगलीचे. मुलगी इयर नाइनला आहे, सरकारी शाळेत. पुढच्या महिन्यात जीसीएसईच्या (इथली दहावीसारखी बोर्डाची परीक्षा) ऑप्शन्सचा फॉर्म द्यायचाय. हिस्ट्री आणि फ्रेंच तिचं ठरलंय, उरलेल्या ब्लॉकमध्ये कॉम्प्युटर सायन्स किंवा क्लासिकल सिव्हिलायझेशन यातलं एकच घेता येतं आणि ही बाई ग्रीक-रोमनवर अडून बसलीय. मिस्टर आयटीत आहेत, ते म्हणतात एवढं सगळं सोडून इथे आलो ते काय पोरीने मेलेल्या गोऱ्यांचा अभ्यास करावा म्हणून? सासूबाई व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाल्या, आपले देव कमी पडले का. आणि खरं सांगू का, मलाही वाटतं की हिला महाभारत धड माहीत नाही आणि त्या ग्रीक देवांच्या राजाची, झ्यूसची, सगळी खानदान तोंडपाठ. घरात आठवडाभर अबोला आहे. काय करू? – गोंधळलेली आई

उत्तर: अगं, आधी तो अबोला मिटवा. तेरा वर्षांच्या पोरीशी एका फॉर्मवरून बोलणं बंद केलंत तर पुढची तीन वर्षं कशी काढणार आहात? मी वयाने मोठी म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस. इथल्या सरकारी शाळेत हिस्ट्री शिकवते त्यामुळे ऑप्शन्सच्या दिवसांतली रडारड मला चांगली ठाऊक आहे, दरवर्षी आपल्या देशी घरांमध्ये हेच सुरू असतं, कोणाकडे ड्रामावरून, कोणाकडे आर्टवरून, तुमच्याकडे ग्रीक-रोमनवरून निघालं इतकंच.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे तुला शेवटपर्यंत जीव टांगणीला लावून वाचायला नको. घेऊ दे तिला. पण घेण्याआधी हा विषय म्हणजे नक्की काय हे तिला कळलं पाहिजे, कारण मला दाट शंका आहे की ते तुम्हाला तर माहीत नाहीच पण तिलाही नाही. झ्यूसची खानदान पाठ आहे म्हणतेस ना, ती बहुतेक गोष्टीच्या पुस्तकांतून आणि गेम्समधून आलेली असणार, चांगलंच आहे, पण परीक्षेत त्याला मार्क नाहीत.

आणि हो, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात नवऱ्याला काय वाटतं ते आहे, सासूबाईंना काय वाटतं ते आहे, पण पोरीला कॉम्प्युटर आवडतं का हे कुठेच नाही. ते विचारलंयत का कोणी?

आता मिस्टरांचं घेऊ, कारण खरा अडसर तिथेच दिसतोय. त्यांची भीती अशी की आत्ता कॉम्प्युटर सायन्स सुटलं की आयटीचं दार कायमचं बंद. तसं नाहीये. इथे मॅथ्स, इंग्लिश आणि सायन्स सगळ्यांना करावंच लागतं, ते ती करणारच आहे. पुढे कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीला जायचं म्हटलं तर चांगल्या युनिव्हर्सिट्या ए लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, मॅथ्स मागतात, केंब्रिज आणि इम्पीरियलला तर त्याशिवाय चालतच नाही, पण कॉम्प्युटर सायन्सचं ए लेव्हल पाहिजेच असं सहसा कोणी म्हणत नाही, मग जीसीएसईचं तर सोडूनच दे. बऱ्याच सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे ए लेव्हल शिकवतात तिथे, मॅथ्सचा ग्रेड चांगला असेल तर जीसीएसई न करताही ए लेव्हलला कॉम्प्युटर सायन्स घेता येतं, फक्त तुमच्या जवळच्या सिक्स्थ फॉर्मला एक फोन करून खात्री करा कारण प्रत्येकाचे नियम वेगळे. आणि ज्या पोरीचे वडील आयटीत आहेत तिला पायथनमध्ये प्रोग्रामिंग शिकायला शाळाच कशाला लागते, रविवारी दोघं बसा की.

त्यांना टोनी होर हे नाव सांग, ओळखतील. क्विकसॉर्ट, म्हणजे कॉम्प्युटरकडून यादी झटपट क्रमाने लावून घ्यायची युक्ती, लिहिणारा तो माणूस, १९८० साली ट्युरिंग अवॉर्ड हा कॉम्प्युटरवाल्यांचा सर्वांत मोठा मान मिळालेला. नल रेफरन्स, म्हणजे कशाकडेच बोट न दाखवणारा संदर्भ, ज्याच्यामुळे प्रोग्राम कोसळतात, ही भानगडही त्यानेच १९६५ मध्ये आणली आणि पुढे स्वतःच त्याला माझी अब्ज डॉलरची चूक म्हणाला, तुझ्या मिस्टरांनी त्या नलच्या पायी किती रात्री जागवल्या असतील ते त्यांनाच विचार. तर या होरने ऑक्सफर्डला डिग्री कशात केली? क्लासिक्स आणि फिलॉसॉफीमध्ये, मर्टन कॉलेजात. ग्रीक-लॅटिन करून झाल्यावर नेव्हीत रशियन शिकला, मॉस्कोला गेला आणि तिथे मशीनकडून भाषांतर कसं करून घेता येईल यावर डोकं लावताना शब्द क्रमाने लावायची ती युक्ती त्याला सुचली. आता एका होरवरून सगळे क्लासिक्सवाले आयटीत जातात असं मी म्हणत नाहीये, तसलं काही बोललीस तर मिस्टर लगेच पकडतील तुला. मुद्दा एवढाच की दार बंद होत नाही.

बरं, विषय काय आहे ते बघू. पहिली गोष्ट, यात लॅटिन किंवा ग्रीक भाषा शिकावी लागत नाही, सगळं इंग्रजी भाषांतरात वाचायचं. बरेच पालक इथेच घाबरतात की आता ही क्रियापदं कोण पाठ करून घेणार. ते वेगळे विषय आहेत. ओसीआर बोर्डाच्या जीसीएसईला दोन पेपर असतात, दीड-दीड तासाचे, ९०-९० मार्कांचे, कोर्सवर्क अजिबात नाही, जे काय आहे ते सगळं परीक्षेत. एका पेपरला शाळा दोन विषयांतून एक निवडते, देव-दंतकथा-धर्म किंवा प्राचीन जगातल्या बायका. दुसऱ्या पेपरला तिनातून एक, होमर या ग्रीक महाकवीचं जग, रोमन शहरातलं जगणं किंवा युद्ध. म्हणजे तुझ्या लेकीला झ्यूस आवडतो म्हणून तिने हा विषय घेतला आणि शाळा शिकवतेय बायका आणि युद्ध, तर हर्क्युलीस वगैरे मंडळी बरीचशी बाहेरच राहिली. हे आधी विचारा! पोरं हे विचारतच नाहीत, ऑप्शन्सच्या पुस्तिकेवरचं ग्रीक देवळाचं चित्र बघून टिक करतात.

समजा होमरचं जग असेल (खूप शाळांत असतं). त्यात अर्धा भाग त्याच्या ओडिसी या महाकाव्यातले निवडक सर्ग आणि अर्धा भाग मायसीनी, टिरिन्स, ट्रॉय अशा जागा, तिथले दगड, थडगी, सोन्याचे मुखवटे. एक प्रसंग सांगते म्हणजे तुला कळेल की हे बालवाङ्मय नाही. ओडिसीचा नायक ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला गेलेला, वीस वर्षांनी घरी येतो, भिकाऱ्याच्या वेषात. बायकोला कळत नाही कोण आलंय. म्हातारी दाई युरिक्लिया पाहुण्याचे पाय धुवायला बसते आणि तिच्या हाताला मांडीवरचा व्रण लागतो, तरुणपणी रानडुकराने मारलेला. ती पाय सोडून देते, पाय आपटतो पितळी घंगाळात, घंगाळ कलंडतं, पाणी सगळीकडे. आणि हा तिला मिठी मारत नाही, तिचा गळा धरतो आणि म्हणतो तोंडातून शब्द काढलास तर बघ. जिने अंगावर पाजलं तिचा गळा! मग पुढे तो बायकोच्या मागे लागलेल्या शंभरावर लोकांना मारतो, ते एकवेळ समजू शकतो आपण, पण त्यानंतर घरातल्या बारा दासींकडून ती प्रेतं उचलून घेतात, स्पंजाने टेबलं पुसून घेतात, आणि मग त्याचा मुलगा त्या बाराही जणींना एका जहाजाच्या दोरखंडावर ओळीने फासावर लटकवतो. का तर त्या शत्रूंबरोबर झोपल्या होत्या. गुलाम होत्या गं त्या, नाही म्हणायची सोय होती का त्यांना? होमर म्हणतो त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

आता परीक्षेत १५ मार्कांचा प्रश्न येतो तो साधारण अशाच जागेवर बोट ठेवतो, की ओडिसियसने जे केलं ते योग्य होतं का, तू किती सहमत आहेस. तिथे गोष्ट सांगितली तर मार्क मिळत नाहीत, बाजू मांडावी लागते, त्या काळातल्या लोकांना काय वाटलं असेल आणि आपल्याला काय वाटतं हे दोन्ही सांभाळून, पुरावा देऊन, घड्याळाकडे बघत. पोरीला हे आवडणार असेल तर तिने हा विषय जरूर घ्यावा, तिचं इंग्रजी लिहिणंही सुधारेल. नुसत्याच गोष्टी आवडत असतील तर गोष्टी घरी वाचाव्यात, त्याला जीसीएसई कशाला.

म्हणूनच एक छोटी परीक्षा घरच्या घरी घ्या. लायब्ररीतून ओडिसीचं पूर्ण भाषांतर आणा, मुलांसाठी केलेलं छोटं नको, आणि तिला नववा सर्ग वाचायला द्या, एकडोळ्या राक्षसाचा, वीकेंडला होतो वाचून. मग जेवताना विचारा, की त्या राक्षसाच्या गुहेत मालक नसताना शिरून त्याचं चीज खाणारा ओडिसियस पाहुणा की चोर? तिने तावातावाने वाद घातला तर समज काम झालं. मोबाइल बघत खांदे उडवले तर मिस्टरांचं पारडं जड, मी काही म्हणणार नाही.

एक खरा तोटा पण सांगते, कारण शाळेतले लोक ऑप्शन्स इव्हिनिंगला आपापला विषय विकायलाच बसलेले असतात, सांगणार नाहीत. तिने हिस्ट्री आधीच घेतलंय. म्हणजे इंग्लिश लिटरेचर, हिस्ट्री आणि आता हे, तिन्हीत लांबलचक उत्तरं लिहायची, आणि शेवटच्या परीक्षेच्या दिवसांत हात मोडायची पाळी येते. लिहायचा कंटाळा असणाऱ्या पोराला मी हे कॉम्बिनेशन घेऊ देत नाही. शिवाय मॅथ्सची शिकवणी गल्लोगल्ली मिळते, याची मिळत नाही, अडलं तर शाळेतल्या शिक्षकालाच धरावं लागतं.

आता सासूबाई. त्यांचा प्रश्न मला आवडला, खरंच. पण एक सांग, कॉम्प्युटर सायन्स घेतलं तर पोरीला महाभारत येणार आहे का? नाही ना? मग महाभारत येत नाही याचा राग या विषयावर कशाला काढायचा, तो दोष घरातल्या आपणा सगळ्यांचा आहे, त्या बिचाऱ्या होमरचा नाही. उलट सासूबाईंना हाताशी धर. ओडिसीच्या एकविसाव्या सर्गात असं आहे की बायकोशी लग्न करायला टपलेल्या सगळ्यांपुढे एक जुनं धनुष्य ठेवतात, आधी त्याला दोरी चढवायची आणि मग ओळीने लावलेल्या बारा कुऱ्हाडींमधून बाण काढायचा. ते लोक धनुष्य विस्तवावर शेकवतात, चरबी चोळतात, कोणाला जमत नाही. मग भिकाऱ्याच्या वेषातला ओडिसियस धनुष्य मागतो, सगळे चिडतात, आणि तो बसल्या बसल्या दोरी चढवतो, जणू गवई वाद्याची तार लावतोय, आणि बोटाने छेडून बघतो. आता द्रौपदी स्वयंवर आठव, धनुष्य, न जमणारे राजे आणि ब्राह्मणाच्या वेषात येऊन पण जिंकणारा अर्जुन. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नातीने तिकडची गोष्ट सांगायची, आजीने इकडची. फक्त कोणी कोणाचं चोरलं असल्या व्हॉट्सअ‍ॅपी वादात पडू नका, त्यात दोघींचाही रविवार वाया जाईल.

तुम्ही सांगलीचे ना, मग पुढच्या सुट्टीत एक काम करा, कोल्हापूर काय हाकेच्या अंतरावर आहे, टाऊन हॉल म्युझियमला जा. कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४० च्या दशकात रोमन काळातल्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या, त्यात पॉसायडनची छोटी मूर्ती निघाली, ग्रीकांचा समुद्राचा देव, आणि तो सापडला कुठे तर पंचगंगेच्या काठी. व्यापारातून आलेला. तसंच उलटं पण झालंय, इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं, तिथल्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय बाई सापडली, दागिन्यांनी मढलेली, आज ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, आणि तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या धाराशिवजवळच्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. त्या काळात एका ग्रीक जाणणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाची जी माहिती लिहून ठेवलीय त्यात कल्याण, सोपारा, चौल, पैठण, तेर ही सगळी आपली गावं आहेत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (ग्रीकांना तेव्हा इकडे हेच म्हणत) नावं कोरलीत. रोममध्ये प्लिनी नावाचा माणूस बोंब मारत होता की भारतातला माल घेण्यात दरवर्षी आपली पाच कोटी सेस्टर्स नावाची नाणी जातात. हे काही पोरीच्या सिलॅबसमध्ये नाही, पण सासूबाईंना सांगायला उपयोगी पडेल.

मेलेल्या गोऱ्यांचा अभ्यास हे मिस्टरांचं वाक्य मात्र जरा तपासून घेऊ. मेलेले म्हणशील तर हिस्ट्रीतही सगळे मेलेलेच असतात, त्याला तुम्ही हरकत घेतलेली दिसत नाही. आणि गोरे? रोमन साम्राज्य इंग्लंडपासून सीरिया-इजिप्तपर्यंत होतं. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा, तो इसवी सन २११ मध्ये मेला कुठे, तर इथे यॉर्कला.

आणि कधी न्यूकॅसलकडे गेलात तर साउथ शील्ड्सला आर्बिया नावाचा रोमन किल्ला आहे, तिथे एका बाईचा थडग्याचा दगड आहे तो मिस्टरांना नक्की दाखव. रेजिना तिचं नाव, इथलीच, दक्षिण इंग्लंडच्या कॅटुव्हेलॉनी जमातीतली, आधी गुलाम होती. तिला मुक्त करून तिच्याशी लग्न करणारा बाराटेस सीरियातल्या पाल्मायराचा. ती तिसाव्या वर्षी गेली. दगडावर ती वेताच्या खुर्चीत बसलीय, मांडीवर चाती आणि लोकर कातायची काठी, एका बाजूला लोकरीच्या गोळ्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला दागिन्यांची पेटी. खाली लॅटिनमध्ये मजकूर आहे, साम्राज्याची सरकारी भाषा ना, त्यात चुका आहेत. आणि त्याच्याही खाली एक ओळ त्याच्या स्वतःच्या लिपीत, पाल्मायराच्या अरामी भाषेत, सुबक कोरलेली, की रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय रे. रोमनांनी उत्तर इंग्लंडात बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीच्या टोकाला तेव्हा ती ओळ वाचणारं दुसरं कोणी होतं की नव्हतं कोणास ठाऊक, पण त्याने कोरून घेतली. आपण इथे दारावर मराठीत पाटी लावतो, तेव्हा हे मिस्टरांना समजावून सांगायला लागेल असं मला नाही वाटत.

आता शाळेत जाऊन काय विचारायचं ते. एक तर वर म्हटलं तसं, कुठले भाग शिकवता. दुसरं, शिकवणार कोण, कारण सरकारी शाळांमध्ये हा विषय बऱ्याचदा हिस्ट्री किंवा इंग्लिशचे शिक्षक स्वतः तयारी करून शिकवतात, त्यात वाईट काही नाही, उत्साही असतात ते, पण हा माणूस दोन वर्षांनी राहणार आहे का आणि आधीच्या बॅचचं काय झालं हे विचारायला लाजू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किती मुलं आली तर ग्रुप होतो. असल्या छोट्या विषयांना पुरेशी नावं आली नाहीत तर शाळा ग्रुप सरळ रद्द करते आणि मग फॉर्मवरचा रिझर्व्ह चॉइस गळ्यात पडतो. तो रिझर्व्ह नीट विचार करून लिहा. तिथे कॉम्प्युटर सायन्स लिहायला पोरीची हरकत नसेल तर मिस्टरांचाही मान राहतो, घरात शांतता पण.

ऑप्शन्स इव्हिनिंगला तुम्ही दोघंही जा, तू एकटी नको. मिस्टरांना तिथल्या शिक्षकाशी स्वतः बोलू दे, तुझ्यामार्फत गेलेला प्रत्येक मुद्दा त्यांना पोरीची वकिली वाटणार. आणि ओडिसियस चोर की पाहुणा हा वाद जेवणाच्या टेबलावर झालाच तर त्यांनाही त्यात ओढ, आयटीवाल्यांना वाद घालायला आवडतं गं, फक्त विषय त्यांनी काढलेला असावा लागतो. फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या रात्री हे सगळं करू नका, या वीकेंडलाच लायब्ररीत जा, पुस्तक रिझर्व्ह करावं लागलं तर त्यातही चार दिवस जातात.